अक्षरामागे दोन पैसे

मोमिनाबादच्या छावणीत, रिसाल्याच्या तबेल्यामागं
गोरा मेला पटकीनं, दीड दिवसात.
आर्चिबाल्ड हेक्टर बॅलॉर्नी.
स्कॉटलंडच्या कुठल्याशा उमरावाचा तिसरा मुलगा.
थोरल्याला गढी, तळं, डोंगर आणि पदवी,
मधल्याला चर्च,
तिसऱ्याला एक तलवार आणि बोटीचं भाडं.
तिकडची रीत म्हणे अशीच.

सहा महिन्यांनी आईचा कागद आला,
दगडावर काय काय लिहायचं त्याचा.
कोणाचा मुलगा, कोणाचा नातू,
कुठल्या लढाईत कुठल्या पूर्वजाचा हात तुटला,
बापाची पदवी, आज्याच्या आज्याची पदवी,
आणि वर एक हरीण,
शिंगांना बारा टोकं.

यंकटी वडार, माझा खापरपणजोबा.
त्याला मोडीही येत नव्हती, इंग्रजी म्हणजे नुसती चित्रंच.
पारशी शेट पेस्तनजीशी त्यानं ठरवलं:
अक्षरामागे दोन पैसे, हाली शिक्का.
टिंबांचे मिळणार नाहीत, शेट म्हणाला.
हरणाचे वेगळे.
शिंगांवर फार घासाघीस झाली.

मग काय,
जेवढं लांब खानदान तेवढी ज्वारी.
एकेक पदवी आमच्या परातीत पडली.
पूर्वजाच्या त्या तुटक्या हातावर
आठवडाभर चूल पेटली.
‘अमक्याचा नातू’ एवढ्यात थोरलीचं लुगडं आलं.
चुलता सांगायचा, पालावर म्हणच पडली होती.
कुणी बढाया मारायला लागला की म्हणायचे,
“मोजा रे याची अक्षरं.”

परवाच्या उन्हाळ्यात तिकडून पत्र आलं.
फिओनाबाई, त्या थोरल्या भावाची खापरपणती.
गढी विकली, तिथं आता हॉटेल आहे.
दगडावर नाही तेही बाईंनी लिहिलं होतं:
आर्चिबाल्डच्या आजोबानं डोंगरातली तीनशे घरं उठवली,
मेंढ्यांना चरायला रान हवं म्हणून.
आढ्यांना आग लावली,
माणसं परत येऊ नयेत म्हणून.

इथं मी पत्र खाली ठेवलं.
आम्हाला उठवायला आग लागत नव्हती.
पाटील नुसता खाकरला
तरी पालाच्या दोऱ्या सुटायच्या.

शेवटी बाई विचारतात,
आमच्या आडनावात ‘एल’ दोन आहेत,
फोटोत तीन दिसतात.
हा जुना प्रघात आहे का
की निजामाकडची पद्धत?

कबरस्तानात जाऊन आलो.
घाणेरी बाजूला केली, बोट फिरवून मोजले.
तीनच.
तिसरा बाकीच्या दोघांहून खोल,
घाईत नव्हे, सावकाश उतरवलेला,
छिन्नीला नवी धार लावून.

बरेच दिवस उत्तर गेलं नाही.
काल लिहिलं:
बाई, दोन तुमचे. बरोबर आहेत.
तिसरा आमचा.
त्याचे पैसे शेटनं तेव्हाच चुकते केले.
शिंगांचे मात्र
अजून येणं आहे.