चांदीचा पिस्टन

शाळू काढून झाला की मायणी रस्त्याकडेचं ते रान
महिनाभर कुणाचंच नसायचं.
जुन्या टायरांना चुना फासून आम्ही त्याला वळणं द्यायचो,
दोन ऐसपैस, एक कोपरासारखं दुमडलेलं.
टँकर कबूल केल्यापेक्षा तासभर उशिरा.
बक्षीस गलाईवाल्यांचं : पाच हजार,
आणि अंगठ्याएवढा चांदीचा पिस्टन.

आमची कॉन्टेसा. काळी,
डावं दार तेवढं निळं, ते दुसऱ्या कॉन्टेसाचं.
वडील तिला म्हैस म्हणत.
दुसरं कुणी म्हणालं, तर रसूल शिकलगार
हातातला पाना हळूच खाली ठेवत.
सरळ पट्टीवर ती सुटली की कानांना नाही,
बरगड्यांना ऐकू यायची.
वळणावर मात्र विचार करत बसायची.

तारळेकरांची पद्मिनी विचार करत नसे.
तिची मागची सीट काढलेली, काचा काढलेल्या,
डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा काढलेला.
तो तारळेकर खिशात घेऊन बसत.
"वजन तेवढंच, पण आता ते माझ्यात धरा."

सहा वर्षं. तीन त्यांची, तीन आमची.
दोघं बोलत नव्हते.
तरी आम्ही कार्बोरेटरचं जेट बदललं
की दिवेलागणीला ते विट्याच्या त्या टोकाला माहीत असे,
आणि त्यांची गॅसकेट जळाली त्या रात्री
वडिलांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली.

घड्याळ माझ्या गळ्यात, पीटीच्या सरांकडून मागून आणलेलं.
एकेक गाडी सोडायची, दोघींना ते रान पुरत नसे.
"वेळ पोरगीच धरू दे," तारळेकरच म्हणालेले,
"ती बापालासुद्धा सोडायची नाही."

सातव्या वर्षी आमचे एक छप्पन्न.
मग पद्मिनी.
तिसऱ्या फेऱ्यात त्या दुमडलेल्या वळणावर
तिची आतली दोन्ही चाकं उचलली,
आणि उचललेलीच राहिली,
जणू खाली ठेवायचं कुणी सांगितलंच नव्हतं.
मी बघत राहिले.
असं काही पुन्हा बघितलेलं नाही.
अंगठा आठवला तेव्हा रेघेवर नुसती धूळ होती
आणि गाडी पार बाभळीपाशी.

दाबलं.
घड्याळात होतं ते वाचलं. एक अठ्ठावन्न.
एक अक्षर खोटं नाही.

वडिलांना खांद्यावर घेतलं लोकांनी.
ते तिथनं माझ्याकडे बघत होते,
मी बुटाची नाडी बांधत होते, सुटलेली नसताना.

कॉन्टेसा पुढं भंगारात गेली, निळं दार ठेवून घेतलं.
वडील गेल्यापासून तारळेकर रोज चारला येतात गॅरेजात,
बिनसाखरेचा चहा, टायरवर बैठक.
काल मान वर करून पिस्टनकडं बघत होते.
काळा पडलाय. मी पुसत नाही.

"दोन सेकंद," म्हणाले. स्वतःशीच.
मी म्हटलं, धूळ फार होती, काका.
त्यांनी बशी फुंकली, प्यायले,
मिशी पुसली.
"व्हती की.
मीच उडवली व्हती न्हवं?"