दोन पिशव्या

हवल्लीत, आमच्या इमारतीत
रात्री साडेदहाला कचरा खाली जातो.
कचरा कसला, बायका जातात.
माझ्या समोरच्या दारातली जोव्हेलिन, पाचव्यावरची एर्मेलिंडा,
आणि तिसऱ्यावरची एक, जिचं नाव मला कधी नीट कळलं नाही.
लोखंडी पेटीपाशी उभ्या राहून
दिवसभर गिळलेलं बोलणं सात मिनिटांत उरकतात.
जोव्हेलिन हुशार. एक पिशवी भरली
की अर्धी दुसरीत ओतते.
दोन पिशव्या, दोन खेपा.
मामाला वाटतं, या घरात कचराच फार.

बाईला ती मामा म्हणते.
एकदा मी हसून सांगितलं, आमच्यात मामा म्हणजे आईचा भाऊ,
सुट्टीत ज्याच्या गावाला जातात तो.
सुट्टी, एवढाच शब्द तिने उचलला.

इलोइलोजवळ तिचं गाव. मुलगा आठ वर्षांचा,
फोनवर तिला दात दाखवतो,
पडलेले आणि आलेले.
इथल्या पोराचे मात्र सगळे दात तिच्या बोटाखाली फुटले,
रात्र रात्र हिरडी चोळून.

रमजानच्या आधी तिने माझ्याकडे गाठोडं दिलं.
बूट, पासपोर्टची झेरॉक्स, सत्तावीस दिनार,
वहीच्या कागदावर पेन्सिलीने काढलेलं मुलाचं पाऊल.
नवऱ्याला न विचारता मी ते तांदळाच्या डब्यामागे सारलं.
मग चार महिने
तांदूळ काढताना माझाच हात चोरासारखा.

ऑगस्टात, पहाटे पावणेचारला
बेल नाही, नखाने दार वाजलं.
ती अनवाणी.
गाठोडं दिलं. पाणी घेतेस का, म्हणेपर्यंत
ती जिन्यात होती,
आणि आवाज कसलाच नाही.
बूट तिने हातातच धरले होते.

सकाळी मामा आली. तिचा आवाज चढलेला, डोळे सुजलेले,
कडेवर रडून निळं झालेलं पोर.
मी म्हटलं, माहीत नाही.
अरबी मला तेवढीच येते.

आठवड्याने डबा हलवला तर
मागे भिंतीला चिकटलेलं ते पाऊल.
एव्हाना वाढलंही असेल.

काल समोरच्या दारात नवी पोरगी दिसली.
गच्च भरलेली पिशवी दोन्ही हातांनी छातीशी.
नाव नाही विचारलं.
आत जाऊन एक रिकामी पिशवी आणली,
तिच्यापुढे धरली.
तिने माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे,
मग मागे, बंद दाराकडे.