सात नंबरचा ड्रायर

चिकनच्या कारखान्यातून तिची आई सुटते
तेव्हा उजाडत असतं.
तोवर नेयजोन माझ्या लॉन्ड्रीत:
एप्रनांचं गाठोडं, दोन धाकटे भाऊ
आणि एक फॉर्म.

मार्शल बेटांवरची माणसं ही.
इथे अर्कान्सासात समुद्राचा वाससुद्धा पोचत नाही,
पोचतो तो ओल्या पिसांचा, ब्लीचचा.

"व्हर्लीन, पालकांचं शिक्षण विचारलंय."
"झालं तेवढं लिही."
"तेवढ्याला चौकोनच नाहीये."

शाळेतल्या समुपदेशक बाईंकडे चारशे मुलं.
हिच्या वाट्याला अकरा मिनिटं आणि एक पत्रक.
पत्रकात हिरवळीवर हसणारी पोरं,
एकाच्याही मांडीवर धाकटा भाऊ नाही.

आता मी कोण सांगणार?
तीन सेमिस्टर टिकले होते मी, चाळीस वर्षांपूर्वी.
मग नोकरी, मग मुलगा, मग ही लॉन्ड्री.
पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे खरं,
पण त्यासाठी पुढच्याने थांबून, वळून
दगड कुठे होता ते सांगावं लागतं.
लाज वाटते त्याची.

सांगितलं. चादरीची दोन टोकं तिच्या हातात,
दोन माझ्या.
फीमाफीचा कागद मागून घ्यायचा, आपणहून कुणी देत नाही.
पुस्तकं पहिल्याच आठवड्यात विकत घ्यायची नाहीत.
मार्क घसरले की घरी पत्र येतं.
त्या पत्राला उत्तर देता येतं, नेयजोन.
मला वाटलं होतं, ते आलं म्हणजे संपलं.

निबंधाचा विषय: तुम्ही पार केलेला अडथळा.
"कुठला लिहू? आमच्याकडे मोजत नाहीत."
शेवटी दवाखान्याबद्दल लिहिलं तिने.
नऊ वर्षांची असताना
डॉक्टरांचं बोलणं आईला मार्शलीत सांगताना
एक वाक्य तिने बदललं होतं.
कुठलं ते निबंधात नाही. मीही विचारलं नाही.
ड्वेन, बस चालवायचा पूर्वी,
त्याने सगळे स्वल्पविराम तपासले.
त्याला तेवढंच येतं, पण तेवढं पक्कं.

ऑगस्टमध्ये गेली.
ऑक्टोबरात फोन, रात्री दीडला.
"रसायनशास्त्रात काहीच कळत नाहीये. येऊ का परत?"
मागे कुणाचं तरी हसणं, दार आपटणं.
ये म्हटलं असतं तर आली असती.
नको म्हटलं असतं तरी बहुतेक आलीच असती.
मी म्हटलं, दुसऱ्या मजल्यावर शिकवणीची खोली असते,
सगळ्या कॉलेजांत असते.
आत जा आणि म्हण, मला कळत नाहीये.
एवढंच.
"तू म्हटलं होतंस?"
"नाही."
बराच वेळ दोघी गप्प.

गेली की नाही, अजून कळवलेलं नाही तिने.

तिची आई येते शनिवारी, एप्रन घेऊन,
आणि पाच यंत्रं रिकामी असली तरी
सात नंबरसमोर थांबून राहते.
घातलेल्या नाण्यांपेक्षा चार मिनिटं जास्त फिरतो तो.
मालकाला मी सांगितलेलं नाही.