दीड बोट

विट्यात कराड रस्त्याला, दस्तगीर मिस्त्रींच्या शेडात
माझी दोन हजार पाचची पिकअप उभी आहे,
तोंड डावीकडं करून.

"वैनी, ब्रेक मारल्यावर वढती, का नुस्तीच?"
नुस्तीच, म्हणते मी.
खानापुरापासनं दोन्ही हातांनी उजवीकडं धरून आणलीय,
मागं तीनशे ट्रे अंडी,
एक फुटू दिलं नाही.

सगळ्यांचं सांगून झालंय.
पंक्चरवाला म्हणाला हवा. हवा सारखी केली.
चुलत दीर म्हणाले अलाइनमेंट.
सांगलीला जाऊन सहाशे रुपये घालून आले,
कागदावर सगळे आकडे हिरवे,
आणि गावाबाहेर पडायच्या आत तिनं परत डावीकडं मान टाकली.
सेलमहून, गलईच्या भट्टीपासून, नवरा फोनवर म्हणाला,
विकून टाक.
भट्टीचा आवाज मधे इतका
की ऐकू आलं नाही म्हणता आलं.

मिस्त्री घाई करत नाहीत.
आधी रस्ता, म्हणतात.
आपल्याकडं रस्ता डावीकडं उतरताच असतो, पाणी जायला.
गाडीला काय, उतार घावला की निघाली.
म्हणून पहाटे, मोकळ्या सडकेला,
उजव्या कडेनं चालवली.
ते शेजारी बसलेले, मी रेवणसिद्धाचं नाव घेत.
उतार उजवीकडं, आणि ही डावीकडंच.
"रस्ता सुटला," मिस्त्री म्हणाले,
चौकीतनं एखाद्याला सोडावं तसं.

मग पुढची चाकं अदलाबदल.
टायरची खोड असती तर ओढीनं बाजू बदलली असती.
नाही बदलली. टायर सुटले.
भिवघाटापर्यंत जाऊन आल्यावर
दोन्ही ड्रमपाशी पालथा हात नेला,
लेकराचा ताप बघावा तसा.
दोन्हीकडं सारखंच कोमट.
ब्रेक सुटले.

मग खुंटीवरची गवंड्याची दोरी निघाली.
"प्रज्वल, धर रं मागं."
माझा पोरगा, वय वीस,
मोबाईल खिशात घालून मागच्या चाकापाशी बसला.
उजवीकडं, चाकाच्या मधापासनं चाकाच्या मधापर्यंत
दोरी ताणून गाठ मारली.
तीच दोरी डावीकडं नेली.
गाठ चाकाच्या मधाला थांबली नाही,
पुढं गेली.
दीड बोट.

मिस्त्री पाठीवर झोपून आत गेले.
"सेंटर बोल्ट तुटलाय. एक्सल मागं सरकलाय.
आपोआप नाय तुटत ह्यो."
मग बराच वेळ नुसता पान्हा.
बाहेर आले तेव्हा नखात पिवळा रंग,
मैलाच्या दगडाचा असतो तसला.
त्यांनी नख बघितलं,
माझ्याकडं बघितलं नाही,
फडक्याला पुसलं.

दोरीचं टोक अजून प्रज्वलच्या हातात.
सोड म्हणायचं राहून गेलं होतं.
मला दिवाळीनंतरची रात्र आठवली,
दीडला वाजलेलं गेट,
आणि सकाळी अंगणात धुतलेली गाडी.
जेवलेलं ताट न उचलणारा पोरगा,
त्यानं गाडी धुतली.
किती बरं वाटलं होतं मला.
शेजारणीला सांगून आले होते.

मी तीन चहा सांगितले.

नवा बोल्ट, यू बोल्ट आवळून घेतले,
मजुरी मिस्त्रींनी कमीच लावली.
परतताना गाडी सुतासारखी,
पण माझे हात ऐकेनात.
तीन महिन्यांची सवय, ते उजवीकडंच ओढत राहिले
आणि आम्ही मधल्या पट्ट्यावर.
"आई, डावीकडं घे जरा," प्रज्वल म्हणाला.
घेतली.
मग रेणावीचा घाट लागला,
मागं रिकामे ट्रे वाजायला लागले,
आणि त्यानंच काढलं, "आई, ते दिवाळीत—"

चढ आहे, म्हटलं.
वर गेल्यावर सांग.