खोर अल-उदेदला, शुक्रवारी

भाड्याची कॅराव्हॅन वाळूत एका अंगाला कललेली,
त्यामुळे कपातला चहाही तिरपा.
परकार म्हणतो, राहू दे रे,
आपण तरी कुठे सरळ राहिलो.

समुद्रच हा, पण तळ्यासारखा गप्प.
पलीकडची टेकाडं सौदीची.
तांडेल गळाला कोळंबी लावतो
तीस वर्षं क्रेन चालवलेल्या बोटांनी,
आजोबांचं काहीतरी पुटपुटत, अर्धं विसरलेलं.

दुपारपर्यंत एकच शेरी. वीतभर.
साफ कोणी करायची, यावर मोठा वाद.
कोणाचा व्हिसा कधी संपतो,
यावर कोणी बोलत नाही.

तांडेल मासा तळहातावर तोलतो.
"पोर आहे अजून."
गळ अलगद काढून
पाण्यात सोडून देतो.

परकारच्या बायकोने सांदणं दिली होती,
म्हणून बरं.