प्लास्टर काढू नये

मनामाच्या जुन्या बाजारामागे
गल्ली इतकी अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने मागे सरायचं,
तिथली नगरपालिकेची बेकरी
मी मंगळवारपासून मोजतोय.
लेझर, टेप, तोंडाला फडकं.
चिमणी : नऊ मीटर चाळीस. ठेवायची.
भट्टी क्रमांक एक : ठेवायची, आत दिवे सोडायचे.
भट्टी क्रमांक दोन : पाडायची.
तिथून लिफ्ट जाईल
कॅफेच्या गच्चीवर.

मागच्या खोलीत कणीक फुगायला ठेवत.
दाराआड पोपडा उडालाय,
खाली कोळशाचे आकडे.
अरबी असतील म्हणून टॉर्च जवळ नेला
तर आपले.
नऊ जुन्या वळणाचा,
तलाठ्याच्या उताऱ्यात असतो तसा, शेपूट लोंबलेला.
फळी १ : रोट ४०
फळी २ : रोट ४०
फळी ३ : रोट ३८
बाकी येणे रु. ३ आ. ६
आणि बाजूला, इथे कुणाच्या बापाला वाचता येणार नाही
या खात्रीने, ठसठशीत :
उस्ताद चोर आहे.

फडक्याआड मी एकटाच हसलो.
कितीतरी वर्षांनी
त्याला वाचणारा भेटला होता.

वॉचमन जुमाला विचारलं.
तो तेव्हा सात वर्षांचा, फज्रच्या आधी रांगेत उभा राहायचा, अनवाणी.
म्हणाला, हुसेन असेल. तुमच्याकडचा. लाँचने आलेला.
मनगट भाजलेलं.
उस्तादाची पाठ वळली की
आम्हा पोरांच्या सदऱ्यात गरम खुब्ज टाकायचा,
एकाला एक, दुसऱ्याला एक.
पोट पोळायचं, पण ओरडायची सोय नव्हती.

म्हणजे तिसऱ्या फळीतले ते दोन.

जुमाने विचारलं, काय लिहिलंय?
मी म्हटलं, हिशेब.

नकाशात खिडकीला खूण असते,
गटाराला, तड्याला, वाळवीलासुद्धा.
याला नाही.
कंत्राटात कलम आहे :
सर्व जुने प्लास्टर काढून मूळ दगडाचा पोत दाखवावा.
पाहुण्यांना दगड आवडतो.

रात्री खोलीवर, बाकीचे झोपल्यावर,
शीट नंबर चौदावर
त्या भिंतीभोवती लाल चौकोन काढला.
लिहिलं : ओल आहे.
पुढील पाहणीपर्यंत प्लास्टर काढू नये.
खाली सही, तारीख.

ओल कसली?
तीस वर्षं भट्टीला पाठ लावून बसलेली भिंत.
खडखडीत आहे.