सेव्ह करायचं राहिलं

निपाणी. पतसंस्थेचा वरचा मजला.
स्विचच्या जाळीत तंबाखूची तपकिरी धूळ.
सातेरी फुंकर मारतो, शिंकतो, व्हीलॅन टाईप करतो:
दहा कर्ज, वीस ठेवी,
तीस कॅमेरे.
एकाच पत्र्याच्या डब्यात तीन गावं
एकमेकांची हाक न ऐकणारी.

चोविसावा पोर्ट तेवढा सगळ्यांचा.
निघताना प्रत्येकाला चिठ्ठी डकवायची,
पलीकडे उतरलं की सोलायची.

जिन्यातून शिवलिंग, "ऊटा आयता?"
"नाही रे, ट्रंक राहिलाय की."
शिवलिंगला वाटलं पेटी. उचलायला वर आला.

भाकरी मोडली तोवर लाईट गेली.
आली तेव्हा
सगळे परत व्हीलॅन एकमध्ये,
कर्जाची पानं ठेवींच्या प्रिंटरवर.

सातेरीनं बोटं पुसली.
"दहा," तो म्हणाला.
शिवलिंग म्हणाला, "हत्तु."